खालचं डावं शिंग

मास्तरांबद्दल लिहायचं तर आधी माझ्या खुळाबद्दल लिहावं लागणार, आणि ते लिहिताना आमची ही खांद्यावरून डोकावून हसणार. हसू दे. चाळीस वर्षं मी लोकांचे दात कोरले, भरले, उपटले, आणि त्यातून जे उरलं ते घड्याळांत घातलं. तीही साधी घड्याळं नाहीत. पिवळ्या सोन्याचे जुने क्रोनोग्राफ. म्हणजे ज्यांच्या कडेला दोन बटणं असतात, एक दाबलं की सेकंदाचा काटा धावायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, आणि दुसरं दाबलं की गुमान शून्यावर येऊन उभा राहतो. "एवढ्या सोन्याच्या घड्याळानं तुम्ही मोजता काय?" असं हिनं लग्नानंतर तिसऱ्या वर्षी विचारलं होतं. "अंडं उकडायला लागलेला वेळ?"

तिचं काही चुकलं नव्हतं. शर्यती मोजणाऱ्यांनी, यंत्रं तपासणाऱ्यांनी, रोग्याची नाडी बघणाऱ्यांनी वापरायचं हे अवजार. ते स्टीलचं असावं हे शेंबडं पोरही सांगेल. पण कधीकाळी कुठल्याशा कारखानदाराला वाटलं की ह्या कामकरी यंत्राला सोन्याचा अंगरखा शिवावा. असे अंगरखे त्यानं मोजकेच शिवले. पुढे सोन्याचा भाव चढला तेव्हा लोकांनी त्यातले बरेचसे वितळवून टाकले. जे वाचले ते घासूनपुसून चकचकीत करणाऱ्यांच्या तावडीत सापडले. सोनं मऊ. दर पॉलिशला त्याच्या अंगावरचा थर जातो, कडा बोथट होतात, मागचा शिक्का पुसट होतो. म्हणून साठ-सत्तर वर्षांनंतरही ज्याच्या कडा बोटाला लागतात असं पिवळं घड्याळ दिसलं की आमच्या जातीच्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटतं. एवढा हळवा धातू, आणि इतक्या हातांतून जाऊन कोणी त्याला दुखवलं नाही! मनगटावर चढवलं की मिनिटभरात ते अंगाच्या उबेला येतं. त्याचं ओझंही बरं वाटतं. हे सगळं मी हिला एकदा तासभर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "सोन्याची सुरी झाली म्हणून काय पोटात खुपसून घ्यायची?" आणि दिवा मालवून झोपली.

ह्या खुळापायीच मला मास्तर भेटले.

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या माथ्यावर होती. उत्तरेला एकच मोठी खिडकी. तिच्याखाली छातीइतकं उंच टेबल, कारण घड्याळवाल्याला वाकून चालत नाही, काम डोळ्यांपर्यंत वर यावं लागतं. टेबलाच्या कडेला एक पांढरं फडकं टाचलेलं असे. त्याचं दुसरं टोक मास्तर आपल्या सदऱ्याच्या बटणात अडकवत, म्हणजे हातातून निसटलेला स्क्रू जमिनीवर न जाता त्या झोळीत पडे. खोलीला पेट्रोलसारखा एक वास होता. आणि दारावर, आतल्या बाजूनं, सुंदर अक्षरात एक पाटी होती, ‘शिंकायचे असल्यास जिन्यात.’ पहिल्या भेटीत मला ती विनोदी वाटली. दुसऱ्या भेटीत मी शिंकलो, आणि मास्तर एक शब्द न बोलता पाऊण तास गुडघ्यांवर बसून तांदळाच्या कणीहून बारीक चाक शोधत राहिले. त्यानंतर मी नाक धरून जिन्यात पळायला शिकलो.

मास्तर हे त्यांचं नाव नव्हे. घड्याळदुरुस्ती शिकवणाऱ्या एका शाळेत त्यांनी दोन वर्षं शिकवलं होतं. विद्यार्थी मिळेनात म्हणून ती शाळा बंद पडली, उपाधी राहिली. उंच, काटकुळे, नखं मुळापर्यंत कापलेली, फक्त डाव्या अंगठ्याचं एक ठेवलेलं. उजव्या डोळ्याभोवती भिंगाचं वर्तुळ कायमचं उमटलेलं. स्वतःच्या हातात स्टीलचं जुनं घड्याळ, तेही रोज दोन मिनिटं मागे पडणारं. मी एकदा म्हटलं, "मास्तर, दिव्याखाली अंधार!" तर म्हणाले, "लोकांची आधी होऊ देत." त्यांच्या घरात वहिनी बोलायच्या आणि मास्तर ऐकायचे. मुलगी शाळेत गणित शिकवायची. ती म्हणायची, बाबा दिवसाला मोजून शंभर शब्द बोलतात आणि त्यातले साठ घड्याळांशी.

त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकलो, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला सुईनं खरडलेल्या बारीक खुणा दिसतात. एखादी तारीख, एखादं अक्षर, एखादा आकडा. ज्यानं ज्यानं ते घड्याळ उघडून दुरुस्त केलं, त्यानं त्यानं आपण काय केलं ते तिथं नोंदवलेलं असतं. घालणाऱ्याला ते आयुष्यभर दिसत नाही. ते पुढच्या दुरुस्तीवाल्यासाठी असतं. मास्तरांची खूण म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्यावर टिंब. "आपण येऊन गेलो हे पुढच्याला कळलं पाहिजे," असं त्यांचे गुरू सांगत. "आणि काय करून गेलो तेही."

दुसरी गोष्ट मी शिकलो ती त्यांनी कधी शिकवलीच नव्हती. कुठलंही पिवळं घड्याळ हातात घेतलं की मास्तर वेळ बघत नसत, तबकडी बघत नसत. पट्टा अडकवायला घड्याळाला चार शिंगं असतात ना, त्यातलं खालचं डावं शिंग ते आधी उजेडात धरत. भिंग लावत. मग हळूच श्वास सोडत आणि बाकीचं बघायला घेत. हे मी वीस वर्षं बघितलं. ह्यात काहीतरी जाणकारांचं गुपित असणार, असं मी मनाशी ठरवलं. उगीच विचारून अडाणी कशाला ठरा? मीही तेच करायला लागलो. आमचं सहा खुळ्यांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा आम्ही आमच्यातल्या वकिलांच्या घरी जमतो, एकमेकांची घड्याळं कुरवाळतो आणि मनातल्या मनात जळतो. त्या मंडळात मी मोठ्या गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं, की सोन्याच्या घड्याळाचा खरेपणा पहिल्यांदा खालच्या डाव्या शिंगात कळतो. सगळ्यांनी मान डोलावली. आजही आमच्या मंडळात कोणतंही घड्याळ आलं की सहाच्या सहा भिंगं आधी त्या शिंगावर जातात.

एका विशिष्ट क्रोनोग्राफच्या मागे मी एकोणीस वर्षं होतो. हस्तिदंती तबकडी, तिच्या कडेला नाडी मोजायची लाल पट्टी, पिवळ्या सोन्याचं अंग. मला तो कोरा हवा होता, कोणाचाही हात न लागलेला. एका निवृत्त इंजिनिअरच्या मुलीनं वडिलांमागे तो विकायला काढला. मी भिंग लावलं आणि अर्थातच आधी खालचं डावं शिंग बघितलं. काय सांगू! कडा अशा, की आज कारखान्यातून निघाल्यात. मागचा शिक्का नखाला लागत होता. बाकीची तीन शिंगं थोडी मवाळ होती, पण मी म्हटलं, मनगटाच्या घर्षणानं एवढं होणारच. खरं तर त्या एका शिंगानंच माझा निकाल लागला. मी माझी बाकीची अकरा घड्याळं विकली आणि ते एक घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या टेबलावर ते ठेवलं आणि हाताची घडी घालून उभा राहिलो. शाबासकी घ्यायला आलो होतो, दुसरं काय.

मास्तरांनी ते उचललं. शिंग उजेडात धरलं. ह्या वेळी श्वास सोडला नाही. भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग घड्याळ खाली ठेवून त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर पुसले.

"उघडू?" त्यांनी विचारलं. वीस वर्षांत त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं.

"उघडा की."

त्यांनी बोथट सुरीनं झाकण काढलं. आत दोन जुन्या खुणा होत्या, दोन्ही अनोळखी हातांच्या. मास्तर तिथं थांबले नाहीत. त्यांनी काटे उतरवले, यंत्र सोडवलं आणि सोन्याच्या रिकाम्या कडीत, जिथं यंत्राचं अंग टेकतं त्या अंधाऱ्या काठावर, चिमट्याच्या टोकानं दाखवलं. भिंग माझ्या हातात दिलं. मला कळायला वेळ लागला. एक आडवी रेघ होती आणि तिच्यावर टिंब.

"हे माझं," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी आठवड्याभराचे शब्द एकदम खर्च केले. सव्विसाव्या वर्षी ते जुन्या घड्याळांच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होते. हे घड्याळ आलं तेव्हा ते शिंग चेपलेलं होतं आणि कोणीतरी घासघासून त्याचा पार बोडका दात करून टाकला होता. व्यापारी म्हणाला, जमतंय का बघ. मास्तरांनी दुसऱ्या मोडक्या घड्याळाचं सोनं वितळवून, रंगाला रंग जुळवून, त्या शिंगावर चढवलं. अकरा दिवस कानशीनं कडा काढल्या. झिजलेला शिक्काही कोरणीनं पुन्हा कोरला. काम इतकं बेमालूम झालं, की व्यापाऱ्याला दोनदा विचारावं लागलं कुठलं शिंग ते. मग तो म्हणाला, झाकणात खूण करायची नाही. हे कोरं म्हणून जाणार.

"गुरूंची शिकवण होती, आणि नोकरीही होती," मास्तर म्हणाले. "मी झाकणात केली नाही. इथं केली, कोणी बघणार नाही तिथं. म्हणजे धड त्याचंही ऐकलं नाही आणि धड गुरूंचंही नाही. चार महिन्यांनी मी ती जागा सोडली. पण घड्याळ गेलं ते गेलं. दुरुस्त केल्याचं मला वाईट वाटत नाही, डॉक्टर. तसं काम मला पुन्हा जमलं नाही. पण कोणीतरी ते कोरं म्हणून घेणार, हे रोज डोक्यात असायचं. चाळीस वर्षं प्रत्येक पिवळं घड्याळ आलं की मी ते शिंग बघतो."

तेव्हा मला कळलं, की ज्याला मी जाणकारांचं गुपित समजून मंडळात मिरवत होतो, ते एका माणसाचं मन खात होतं. पण कळलं म्हणून काय, मला दया आली नाही. राग आला. एवढा, की कानशिलं तापली. एकोणीस वर्षं, अकरा घड्याळं, आणि हा माणूस मला सांगतोय की मी ज्या कडेवर भाळलो ती ह्यानं कानशीनं काढलीय!

"माझ्या तोंडावर बरं बोलता आलं," मी म्हणालो. "त्या व्यापाऱ्याच्या तोंडावर बोलायला काय झालं होतं?"

"तेव्हा तेवढी छाती नव्हती."

"मग आता एक करा. ती आतली खूण पुसून टाका. तुम्ही आणि मी सोडून कोणाला माहीत नाही."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"ती पुसायला सांगू नका," ते म्हणाले. "मी तुमच्याकडे उलटंच मागणार होतो. झाकणाच्या आत लिहू द्या मला. खूण, तारीख, काय केलं ते. नीट, जिथं लिहायचं असतं तिथं. घड्याळ तुमचं आहे, तुमच्या परवानगीशिवाय नाही लिहिता येणार."

"माझ्या घड्याळाला आता हात लावायचा नाही."

मास्तरांनी फडकं बटणात अडकवलं, यंत्र पुन्हा बसवलं, काटे लावले, झाकण दाबलं, मऊ कातड्यानं सगळ्या अंगावरचे बोटांचे ठसे पुसले आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. मी जिना उतरताना मागे बघितलं नाही.

पुढच्या बैठकीला मी ते मंडळात नेलं. का नेलं? एकोणीस वर्षं ज्याच्या गप्पा मारल्या ते आणलं नसतं तर लोकांनी विचारलं असतं. वकिलांनी भिंग लावलं आणि माझ्याच शिकवणीप्रमाणे खालचं डावं शिंग आधी बघितलं. "वा!" ते म्हणाले. "वा, वा! ह्याला म्हणतात कोरं!" भिंग हातोहात फिरलं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. घरी येताना मी हिशेब केला. मास्तर गप्प बसले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते आणि त्यांना नोकरी टिकवायची होती. मी सहासष्ट वर्षांचा होतो आणि मला काहीही टिकवायचं नव्हतं, वकिलांच्या ‘वा’शिवाय.

लाज वाटली की माणसानं सुधारावं, पण माझं पाणी वेगळं. मला लाज वाटली म्हणून मी मास्तरांकडे जाणंच बंद केलं. घड्याळ कपाटात गेलं. ही दोन-तीनदा म्हणाली, "अहो, जाऊन या एकदा. म्हातारा वाट बघत असेल." मी म्हणायचो, जाऊ, जाऊ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते काही खोटं नाही. त्यात दोन वर्षं गेली.

मग एका दुपारी मास्तरांच्या मुलीचा फोन आला.

"काका, बाबांची खोली रिकामी करतोय. तुमचं एक टेबलावरचं घड्याळ दुरुस्तीला दिलेलं राहिलंय, तेवढं घेऊन जाल?"

"खोली रिकामी? का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? बाबांना चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलतात, पण हळूहळू." मग म्हणाली, "रोज विचारतात, डॉक्टर आले का म्हणून. मला वाटलं, ते टेबलावरचं घड्याळ तुम्हाला द्यायचंय म्हणून विचारतात."

मी कपाटातून ते घड्याळ काढलं आणि निघालो. चपला वेगवेगळ्या जोडांतल्या घातल्यात, हे त्यांच्या घराच्या दारात पोचल्यावर दिसलं.

मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. गुडघ्यांवर चादर, तिच्यावर उजवा हात ठेवून दिलेला. तो हात बघवेना. ह्या हातानं केसाहून बारीक स्प्रिंग सरळ केलेली मी कितीदा बघितली होती. वहिनी नेहमीसारखं भरभर बोलायला गेल्या आणि दुसऱ्याच वाक्याला थांबून आत निघून गेल्या.

"उशीर केलात," मास्तर म्हणाले. शब्द तोंडाच्या एकाच बाजूनं येत होते.

"केला," मी म्हणालो. वरातीमागून घोडं नाचवणाऱ्यानं आणखी काय म्हणायचं? मी घड्याळ त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. "लिहा, मास्तर. झाकणात. मी परवानगी द्यायला आलोय."

ते घड्याळाकडे बघत राहिले. मग त्यांनी उजव्या हाताकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी इतका मूर्ख, की ते बोलेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

"तो नाही ऐकत आता," ते म्हणाले.

मी तिथंच रडलो. लपवायचं कशाला? अडुसष्ट वर्षांचा बाप्या, एकाच्या घरात जाऊन पायात दोन वेगळ्या चपला घालून रडला. मास्तरांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "तुमचा हात कसा आहे?"

"माझा?"

"दात कोरायचात ना?"

मुलीनं पलंगाखालून अवजारांची पेटी काढली. खिडकीशी जेवणाचं टेबल ओढलं आणि त्याच्या चार पायांखाली जाडजाड पुस्तकं घालून ते छातीइतकं उंच केलं. मी झाकण उघडलं. उघडताना मास्तर म्हणाले, "तिकडून नाही, इकडून." मी सुई धरली, त्यांनी म्हटलं, "पेनासारखी नको." पाच-सहा वेळा त्यांनी मला जुन्या पत्र्यावर गिरवायला लावलं आणि प्रत्येक वेळी नापास केलं. सातव्या वेळी ते गप्प राहिले, तेव्हा मी पास झालो असं समजलो. झाकण साधारण तीन सेंटिमीटरचं. लोकांच्या तोंडात हात घालून जन्म काढलेल्या माणसाला एवढी जागा म्हणजे मैदान, पण त्या दिवशी मला घाम फुटला.

सोनं सुईखाली लोण्यासारखं गेलं. मी आधी रेघ ओढली, मग टिंब दिलं. मास्तरांनी तारीख सांगितली, बेचाळीस वर्षांपूर्वीची, दिवसासकट, आठवायला जराही न थांबता. मग सांगितलं, "लिहा. खालचं डावं शिंग नवं. शिक्का हातानं कोरलेला."

मी लिहिलं. अर्धा तास गेला. मुलीनं भिंग त्यांच्या डोळ्याशी धरलं आणि मी झाकण खिडकीच्या उजेडात. मास्तर एकेक अक्षर वाचत गेले. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. चाळीस वर्षं ज्यानं मास्तरांना पोखरलं ते आता उघडं झालं होतं, पुढच्या कोणीही वाचावं असं. मला वाटलं, आता ते श्वास सोडतील.

"डॉक्टरांचंच अक्षर," ते म्हणाले. वहिनी हसल्या, डोळे पुसत. मीही हसलो आणि झाकण बंद करायला घेतलं.

"थांबा. एक ओळ राहिली."

"काय लिहू?"

"हात दुसऱ्याचा."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं आणि मी हुज्जत घातली. म्हटलं, मास्तर, कोण बघणार आहे? खूण तुमची, काम तुमचं, शब्द तुमचे. सुई कोणी धरली ह्याला काय महत्त्व?

"पुढच्याला वाटेल, मीच लिहिलं," मास्तर म्हणाले. "म्हणजे पुन्हा तेच झालं."

मी ती ओळ खरडली. डोळे भरलेले होते, त्यामुळे ती वाकडी आली. बाकीच्या ओळी तशा बऱ्या आहेत. मास्तरांनी ती भिंगातून बघितली, मान हलवली, आणि वीस वर्षं मी ऐकत आलो होतो तो श्वास त्यांनी हळूच सोडला.

त्यानंतर ते तीन महिने होते. मी रोज जात असे. घड्याळ हातात घालूनच जायचो, कपाटात पुन्हा ठेवलं नाही. मंडळाच्या बैठकीत मी झाकण उघडून सगळ्यांपुढे ठेवलं आणि वकिलांना मोठ्यानं वाचायला लावलं. खालच्या डाव्या शिंगाची आमची सगळी विद्या कुठून आली तेही सांगितलं. कोणी हसलं नाही. वकिलांनी विचारलं, "मग आता ह्याचं मोल काय?" मी म्हटलं, ते विकणाऱ्यानं ठरवावं, मी विकणार नाही.

लोक मला म्हणतात, शेवटी तुम्ही त्यांची इच्छा पुरी केलीत. तसं म्हणणाऱ्यांना मी झाकण उघडून दाखवतो. त्यांना हवं होतं ते स्वतःच्या हातानं लिहायला. दोन वर्षं आधी जिना चढलो असतो तर त्यांनी लिहिलं असतं, उत्तरेच्या उजेडात, बटणात फडकं अडकवून, आणि ते अक्षर बघण्यासारखं असतं. मग ती शेवटची ओळ लागलीच नसती. ती माझ्यामुळे लागली. कधीतरी हे घड्याळ दुसऱ्या कोणाच्या टेबलावर जाईल, तो झाकण काढील आणि विचार करील, हात दुसऱ्याचा का? म्हणून हे सगळं लिहून ठेवलं.